औषधांचा पाढा

मोजपट्टी हे नाव तिला मी दिलं. नर्सिंगच्या शाळेच्या होस्टेलवर आम्ही एका खोलीत तिघी होतो, आणि सगळ्यांना टोपणनावं ठेवण्याचं खातं पहिल्या आठवड्यापासून माझ्याकडे होतं. ही उंच, सडसडीत, आणि बोलणं इतकं मोजून की एखादा शब्द जास्तीचा गेलाच तर परत मागून घेईल असं वाटावं. तिची आई शिवणकाम करायची. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यात या मायलेकी. आईने सांगितलेली गिऱ्हाइकांची मापं ही पाच वर्षांची असल्यापासून वहीत उतरवून घ्यायची आणि कापड किती लागेल ते आईच्या आधी सांगायची. आकडा चुकला तर कापड वाया जातं, एवढं ज्ञान घेऊनच ती शाळेत गेली होती.

तिसरी होती हसरी. तिला हसायला कारण लागायचं नाही. पलंगाची चादर बदलता बदलता ती पेशंटच्या घरची सगळी हकीकत काढून घ्यायची. लहान मुलांची शीर शोधण्यात तर तिचा हात धरणारं आमच्या बॅचमध्ये कुणी नव्हतं. आम्ही बाकीच्या तिघी-तिघी एका पोराला घट्ट धरून घामाघूम व्हायचो, आणि ही येऊन त्याच्याशी मांजराबद्दल बोलता बोलता सुई लावून मोकळी व्हायची. घोडं अडायचं ते फक्त आकड्यांपाशी. दशांश चिन्ह दिसलं की तिचा चेहरा मख्ख व्हायचा. शून्य पॉइंट पाच आणि शून्य पॉइंट शून्य पाच यांतला फरक तिला सांगितला की कळायचा आणि दार ओलांडेपर्यंत जायचा.

दुसऱ्या वर्षाला औषधाच्या मात्रांची परीक्षा असे. वीस गणितं, विसाच्या वीस बरोबर यायला हवीत, नाहीतर वर्ष गेलं. हसरीच्या दादाने तिला आधीच बजावलं होतं, "एकदा नापास झालीस की सामान बांधायचं आणि घरी यायचं. मला दोनदा फी भरायला जमणार नाही." परीक्षेला बारा दिवस उरले तेव्हा ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची. नळाचा आवाज असूनही आम्हाला ऐकू यायचं.

मोजपट्टीने तिला चार संध्याकाळी शिकवलं. पेशंटचं वजन किती, किलोला किती औषध, बाटलीतल्या एका मिलीत औषध किती, मग भरायचं किती. चार संध्याकाळी तेच. पाचव्या दिवशी हसरीने पुन्हा भागायच्या जागी गुणलं, आणि मोजपट्टीने पेन्सिल तिच्या हातातून काढून घेतली. म्हणाली, "राहू दे. मी वेगळं काहीतरी करते."

तिने पाढा केला. परीक्षेतली गणितं आमच्याच हॉस्पिटलच्या कपाटातल्या औषधांवर येत, आणि त्या कपाटातल्या बाटल्या वर्षानुवर्षं त्याच होत्या. मग तिने बावीस औषधांची सगळी उत्तरं आधीच काढली आणि लयीत बसवली. झटके थांबवायचं इंजेक्शन: दहा किलोला एक मिली, वीस किलोला दोन मिली, मधल्यांना मधलं. असं सगळं. हसरीला गाणी एकदा ऐकून पाठ व्हायची. तिसऱ्या दिवशी ती जिना उतरताना पाढा गुणगुणत होती, आणि आठवड्याभरात अख्खी बॅच गुणगुणत होती. त्यात मीही होते. फुकटचं मिळतंय तर डोकं कशाला शिणवा, असा माझा विचार.

मोजपट्टीला त्या दिवसांत किती बरं वाटत होतं ते मी पाहिलंय. एरवी जिच्या वाटेला कुणी जात नसे, तिच्या खाटेवर आता मुली दाटीवाटीने बसत. हसरी तर तिच्या गळ्यात पडून म्हणायची, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?" हे ऐकायला कुणाला आवडत नाही? तिलाही आवडलं. विसाच्या वीस आली हसरीची गणितं. दादाने मिठाई पाठवली.

त्यानंतरची अकरा वर्षं काही सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे चांगली गेली. आम्ही तिघी त्याच हॉस्पिटलात लागलो. मोजपट्टी वरच्या मजल्यावर ऑपरेशनच्या वॉर्डची सिस्टर झाली. हसरी आणि मी लहान मुलांच्या वॉर्डात. पाढा तेवढाच पाठ आणि तेवढाच बरोबर. लिहून, मांडून, भागून आम्ही कधी पाहिलंच नाही, कारण उत्तर मांडायच्या आधीच तोंडात यायचं. नव्या मुली आमचा वेग बघून तोंडात बोट घालायच्या, आणि आम्ही ताठ मानेने फिरायचो.

मग पुरवठा करणारी कंपनी बदलली. झटक्यांच्या इंजेक्शनच्या नव्या काचेच्या कुप्या आल्या. आकार तोच, झाकणाचा रंग तोच. फक्त एका मिलीत औषध पाचपट. तसं पत्रक निघालं होतं, आमच्या वॉर्डच्या फळ्यावर ड्यूटीच्या कागदाखाली टाचलेलं होतं. मी माझी सुट्टी बघायला तो ड्यूटीचा कागद वर उचलला तेव्हा ते पाहिलं होतं. वाचलं नाही.

दुपारी अडीचच्या सुमाराला दीड वर्षाची एक मुलगी आली. वजन बारा किलो, झटके थांबत नव्हते, आई दाराशी स्वतःचीच मूठ चावत उभी. डॉक्टरांनी औषध सांगितलं, किलोला किती तेही सांगितलं. हसरीने कुपी उघडली आणि एक पॉइंट दोन मिली भरलं. नियम असा की एकीने भरायचं आणि दुसरीने स्वतंत्र हिशेब करून, पाहून, सही करायची. दुसरी मी होते. मी सिरिंज पाहिली, मनात पाढा म्हटला, उत्तर जुळलं, सही केली. दोघींनी तपासायचं म्हणून केलेला नियम, आणि दोघी एकच पाढा म्हणत होतो. लेबल दोघींपैकी एकीनेही वाचलं नाही.

झटके थांबले. मग श्वासही थांबला. डॉक्टरांनी आणि आम्ही आळीपाळीने फुगा दाबून तिला हवा दिली, मग मशीनवर घेतलं. दोन दिवस ती मशीनवर होती. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. सकाळी तिच्या आईने मला विचारलं, "सिस्टर, तिचे लाल मोजे होते पायात, ते मिळतील का? थंडी आहे बाहेर." मोजे मी शोधून दिले. घालायला मात्र मी थांबले नाही, मला ते जमलं नसतं.

चौकशी बसली. हसरीला विचारलं, हिशेब कसा केलास? ती म्हणाली, पाठ होता. कुणी शिकवला? ती म्हणाली, होस्टेलमध्ये सगळ्यांनाच येतो. मोजपट्टीचं नाव तिने अखेरपर्यंत घेतलं नाही. तीन वर्षांसाठी तिचं नाव नर्सच्या नोंदवहीतून काढलं. त्यानंतर मात्रांची तीच परीक्षा पुन्हा द्यायची, दोनच संधी, आणि दोन्हीत हुकली तर कायमची बाहेर. मला लेखी ताकीद मिळाली. सुई तिच्या हातात होती आणि सही माझी होती, एवढ्यावर मी वाचले. मी वरती जाऊन भांडले नाही, मूग गिळून बसले.

मोजपट्टीला कुणी बोलावलंच नव्हतं. ती आपणहून चौकशीच्या खोलीत गेली आणि टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "तो पाढा मी केला." चौकशी करणाऱ्या साहेबांनी चष्मा काढला. "विद्यार्थिनी असताना कोण काय घोकत होतं ते या चौकशीत येत नाही, सिस्टर. जाताना दार लावून घ्या." तिने दार लावून घेतलं. तिला शिक्षा झाली असती तर ती पुढे इतकी वाळली नसती, असं माझं मत आहे.

हसरीला तळघरात, कपड्यांच्या खोलीत काम दिलं. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या, घड्या घालून वॉर्डांना पाठवायच्या. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीपलीकडे धुलाईची मोठी मशीनं, त्यामुळे बाक कायम थरथरत असे. घरी ती दादा-वहिनींजवळ राहायची. वहिनी वाईट नव्हती. पण भाच्याला खोकला झाला आणि हिने सवयीने बाटलीला हात लावला, तेव्हा वहिनी पुढे होऊन हळूच म्हणाली, "वन्सं, राहू द्या, औषध मी देते हं." हे हसरीने मला हसत हसत सांगितलं. त्यानंतर तिला हसताना मी फारसं पाहिलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. मग एके दिवशी मोजपट्टी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तळघरात उतरली. मी तिथेच जेवत होते. हसरी घड्या घालता घालता म्हणाली, "काय, नवा पाढा आणलास वाटतं?"

"नाही. या वेळी पाढा नाही. शिकवायला आलेय, येणार असलीस तर."

"आणि मला नाही आलं तर?"

"तर नाही येणार," मोजपट्टी म्हणाली. इतकं रोखठोक बोलतात का कुणाशी? पण हसरीने हातातली चादर खाली ठेवली.

त्या दिवसापासून रोज अर्धा तास. मोजपट्टी पिशवीतून रिकाम्या, धुतलेल्या कुप्या आणायची, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, लेबलं शाबूत. पहिला महिनाभर गणित नाहीच. फक्त लेबल मोठ्याने वाचायचं: एका मिलीत किती. मग सिरिंजमध्ये साधं पाणी भरून बघायचं, एवढं म्हणजे केवढं. पेन्सिल कायम हसरीच्या हातात. गणितं सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मोजपट्टीचा हात दोनदा त्या पेन्सिलीकडे गेला, आणि तेव्हापासून ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला लागली.

पण हसरी काही कमी नव्हती. माणसांचे चेहरे वाचण्यात तिचा जन्म गेलेला. ती आकडा लिहायची, डोळे वर करायची, मोजपट्टीची भुवई हललेली दिसली की खोडायची आणि दुसरा आकडा टाकायची. तीन आठवडे मोजपट्टीला वाटत राहिलं की हिला येतंय. मला आधीच कळलं होतं, पण मला कुणी विचारलं नाही. जेव्हा तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने स्टूल उचललं आणि हसरीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. पुढचं सगळं शिकवणं तसंच झालं. हसरी मागून विचारायची, "बरोबर आहे का?" आणि भिंतीकडून उत्तर यायचं, "तूच सांग. उलटं करून बघ." म्हणजे आलेल्या उत्तरावरून परत मागे जायचं, आपण दिलं ते किलोला किती पडलं ते काढायचं.

हसरी चिडायची. एकदा तिने पेन्सिल भिंतीवर फेकली. "सूड उगवतेस का माझ्यावर? तुझं नाव घेतलं नाही त्याचा? हो की नाही एवढं सांगायला तुझी जीभ झिजते?" मोजपट्टीने वळून पाहिलं नाही. तिची मान मात्र ताठ झालेली मला दिसत होती. भिंतीकडेच बघत ती म्हणाली, "वॉर्डात तू कुणाला विचारणार?" हसरीने वाकून पेन्सिल उचलली. टोक मोडलं होतं, ते तिने दातांनी नीट केलं.

पुढे पुढे मोजपट्टी मुद्दाम येईनाशी झाली. आधी आठवड्यातून एक दिवस टाळला, मग दोन. पिशवी ठेवून जायची, आत कुप्या आणि पेशंटची वजनं लिहिलेला कागद. उत्तरं कुठेच नाहीत.

पहिली परीक्षा झाली. वीसपैकी एकोणीस. सलाइनच्या थेंबांचं एक गणित चुकलं. हसरी तळघरात येऊन चादरींच्या ढिगावर बसली. ती थेंबांच्या गणितात कच्ची आहे हे मोजपट्टीला परीक्षेच्या आधी माहीत होतं. तिने फक्त "तुझी एक जागा कच्ची आहे, शोध" एवढंच सांगितलं होतं. मी मोजपट्टीला जिन्यात गाठून वाट्टेल ते बोलले. "तू तुझी तत्त्वं सांभाळ. तिची नोकरी गेली तरी तुझं काय जातंय? वरच्या मजल्यावर तुझी खुर्ची आहेच."

ती सगळं ऐकून म्हणाली, "पुढच्या वेळी कुपी बदलली तर तिला कोण सांगेल? तू?"

मी जास्तच चिडले. घरी गेले आणि नवा पाढा लिहिला. नव्या कुप्यांचा, लयीत, थेंबांसकट. मला लाज वाटायला हवी होती. उलट मी छान काम केल्यासारखी खूश होते. दुसऱ्या दिवशी तो कागद हसरीच्या पिशवीत सरकवला आणि म्हटलं, "मोजपट्टीला बोलू नकोस. विसाच्या वीस येतील."

आठवड्याने तिने कागद मला परत दिला. "अर्धा पाठ झाला होता गं," ती म्हणाली. "इतका सोपा. मग काल घरी भाच्याच्या औषधाची नवी बाटली आणली होती. मी लेबल न वाचताच मनात आकडा म्हटला. माझ्या हातात काही नव्हतं, वहिनीच देत होती. तरी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले." मी कागद फाडला. तिच्यासमोर फाडला, कारण घरी नेला असता तर ठेवून दिला असता, हे मला स्वतःबद्दल माहीत आहे.

दुसरी आणि शेवटची परीक्षा चार महिन्यांनी. विसाच्या वीस. निकाल लागला त्या दुपारी मी आणि मोजपट्टी तळघरात गेलो. मी खरंच आनंदात होते. आज कित्येक दिवसांनी ती हसेल अशी माझी समजूत होती. हसरी बाकावर वही उघडून बसली होती. मोजपट्टी सवयीने स्टूल भिंतीकडे वळवायला लागली, तर हसरी म्हणाली, "इकडे तोंड कर. हे मीच घातलेलं गणित आहे."

तिने वाचून दाखवलं. वजन बारा किलो. एका मिलीत पाच मिलिग्रॅम. भरलं एक पॉइंट दोन मिली. म्हणजे गेलं सहा मिलिग्रॅम. जायला हवं होतं एक पॉइंट दोन. भरायला हवं होतं शून्य पॉइंट दोन चार मिली. पाव मिलीहूनही कमी. "उलटं करूनही बघितलं," ती म्हणाली. "दोन वेळा. पाचपट."

बाक थरथरत होता. मी खाली बघत राहिले. त्या सिरिंजवर सही केलेल्या बाईने साडेतीन वर्षांत हे एवढंसं गणित कधी मांडलं नव्हतं.

"चौकशीत ते नुसतं 'मात्रा जास्त झाली' म्हणाले," हसरी म्हणाली. "मला कळायचं नाही जास्त म्हणजे किती. थोडी जास्त असेल, असं मी धरून चालले होते. थोडी जास्त कुणाच्याही हातून होते." तिने मोजपट्टीकडे पाहिलं. "तू कधी काढलंस?"

"त्याच दुपारी. बातमी वर आली तेव्हा, जिन्यात."

"मग मला शिकवायला लागलीस तेव्हा तुला माहीत होतं, एक दिवस मी हे काढणार."

"होतं."

"तरी शिकवलंस."

"तुझ्यापासून लपवायचं तर तुला पुन्हा आंधळी ठेवावी लागली असती," मोजपट्टी म्हणाली. "ते मी एकदा केलंय." हसरी उठून तिच्याजवळ गेली नाही. वही मिटून पिशवीत घातली, उरलेल्या अकरा चादरींच्या घड्या घातल्या आणि खोलीची किल्ली माझ्या हातात देऊन वर निघून गेली.

आता ती पुन्हा मुलांच्या वॉर्डात आहे. लेबल मोठ्याने वाचते, कागदावर मांडते, उलटं करून बघते, मग सही करायला मला बोलावते, आणि मीही माझ्या कागदावर वेगळं मांडते. आमचा वेग गेला, नव्या मुली आम्हाला म्हाताऱ्या म्हणतात. मोजपट्टीच्या मजल्यावर ती कामाशिवाय जात नाही. तिला आता कुणाला काही विचारावं लागत नाही. मोजपट्टी म्हणते, मला हेच तर हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच डबा खाते, आणि मी तिच्यासमोर जाऊन बसते.